धर गं

फोटोमास्तर फोटो काढताना कधी मागे बघत नसत. डोळा कॅमेऱ्याला लागला की त्यांचे पाय आपोआप उलटे चालू लागत, आणि समोरचं सगळं चौकटीत मावेपर्यंत ते थांबत नसत. मग मागे विहिरीचा कठडा असो, स्टेजची कड असो, की शाळेची बिनकठड्याची गच्ची. तरीही या माणसाचे हातपाय म्हातारपणापर्यंत शाबूत राहिले, त्याला कारण एकच. ते मागे निघाले की त्यांच्या पाठीशी त्यांची बायको उभी असे.

मास्तर नुसतं "धर गं" म्हणत. बाई त्यांचा शर्ट कमरेच्या जरा वर मुठीत पकडत आणि त्यांच्याबरोबर मागे मागे सरकत. जमीन संपायला आली की त्या मूठ आवळत. पाठीला ओढ लागली की मास्तर थांबत, आणि मगच बटण दाबत. या कामाचं श्रेय बाईंना कुणी दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. मात्र मास्तरांचा कुठलाही शर्ट पाठीवर त्याच एका जागी आधी विरायचा, आणि बाई आतून ठिगळ लावून तो आणखी वर्षभर चालवायच्या.

गाव बाईंना मास्तरीणबाई म्हणे. त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, आणि मास्तरांनीही नाही. पण गावाने एकदा नाव पाडलं की तक्रार कुणाकडे करायची?

मास्तरांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्यांच्या फोटोत कुणी कापलं जात नसे. वर्गाच्या फोटोतलं अगदी टोकाचं पोर, लग्नाच्या फोटोतली रुसून कडेला उभी राहिलेली आत्या, सगळे डोक्यापासून पायापर्यंत अख्खे. "जो फोटोत नाही, तो तिथे नव्हताच असं पुढे लोक म्हणतात," ते म्हणायचे. म्हणून तर इतकं मागे जायचं.

पुढे घरोघरी मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद पडला. मास्तर थोडे दिवस चिडले, मग गप्प झाले. लेकीने लांबून एक छोटा, पाठीला पडदा असलेला कॅमेरा पाठवला. आधी त्याला खेळणं म्हणून नाक मुरडून झाल्यावर तोच गळ्यात घालून ते गावभर हिंडू लागले. आणि मग एक दिवस बाईंच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेचना, आणि गावच्या डॉक्टरांनी कागद लिहून दिला की मोठ्या शहरात न्या.

या शहराची आणि त्यांची जुनी ओळख होती, म्हणजे एकतर्फी. स्टुडिओत मागे जो रंगवलेला पडदा होता त्याच्यावर हेच शहर होतं. नदी, नदीवरचा पूल, पुलावर दोन्ही बाजूंनी दिव्यांचे खांब आणि पलीकडे उंच इमारती. अर्धं गाव त्या पुलावर उभं राहून फोटो काढून गेलं होतं. बाईंनी तो पूल इतकी वर्षं फडक्याने झटकला, पण खरा कधी पाहिला नव्हता. जाऊ एकदा, असं दोघं दर उन्हाळ्यात म्हणत. आता आले होते, तर बाई रुग्णालयाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खाटांच्या खोलीत पडून होत्या आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती.

मास्तर दिवसभर खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहत. सलाइनच्या थेंबांकडे बघत, सिस्टर आली की उभे राहत, गेली की बसत. तिसऱ्या दिवशी बाईंना ते बघवेना.

"अहो, जरा बाहेर जाऊन या. पूल बघून या."

"पूल कुठे पळून चाललाय?"

"मला बघायचाय तो. फोटो काढून आणा. आपल्या पडद्यावर आहेत तसे दिवे आहेत का खरंच, की त्या रंगाऱ्याने आपल्या मनाने घातलेत?"

मास्तरांचा चेहरा उजळला. कॅमेरा गळ्यात घालून ते निघाले. ते दाराबाहेर पडले आणि बाईंनी समाधानाने डोळे मिटले. मिटले आणि खाडकन उघडले. त्या इथे खाटेवर होत्या. मग मास्तरांच्या मागे कोण होतं?

शेजारच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडलेली एक बाई होती. सगळी नोकरी याच शहराच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून गेलेली, त्यामुळे आवाज असा की कुजबुजली तरी जिन्यापर्यंत ऐकू जावी. रुग्णालयात सगळे तिला कंडक्टरबाईच म्हणत.

"काय झालं हो? सिस्टरला हाक मारू?" तिने विचारलं.

"नको. पुलाच्या रस्त्याला गाड्या फार असतात का?"

"फार म्हणजे? तिथे गाड्यांना श्वास घ्यायला जागा नाही, तर माणसांना कुठून असणार!" कंडक्टरबाई म्हणाली, आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिने आपली पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

संध्याकाळी मास्तर धडधाकट परत आले. घामेजलेले, खुशीत. बाईंच्या उशाशी बसून ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवू लागले. पुलावर दिवे खरंच होते. रंगाऱ्याने फक्त एक केलं होतं, नदी जास्त निळी केली होती.

बाईंनी दिवे बघितले, नदी बघितली, आणि मग त्या वेगळंच काही बघू लागल्या. इतकी वर्षं मास्तरांच्या पाठीमागे काढलेल्या बाईला फोटो बघितला की काढणाऱ्याचे पाय कुठे होते ते कळायचं. समोर किती जागा सुटलीय, कड किती तिरकी आलीय, एवढ्यावरून त्या सांगत. गावातल्या कितीतरी फोटोंवर त्यांनी असं बोट ठेवलं होतं, कारण त्या पायांच्या मागे त्यांचे स्वतःचे पाय होते.

"हा कुठून काढला?"

"पुलाच्या तोंडाशी."

"तोंडाशी नाही. रस्त्याच्या मधोमध उभे होतात तुम्ही. दोन्हीकडचे खांब सारखे आलेत. आणि हा? यात फुटपाथची कड तुमच्या पुढे आहे. म्हणजे तुम्ही खाली उतरलेले."

मास्तरांनी कॅमेरा छातीशी धरला. "अगं, पण पूल आला की नाही अख्खा?"

"आला," बाई म्हणाल्या. "अख्खा आला."

मग कंडक्टरबाईने सूत्रं हातात घेतली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिला बोलावणं कधीच लागत नसे. "हे बघा भाऊ, या शहरात कॅमेऱ्याचा पट्टा एका खांद्याला लोंबकळत ठेवायचा नाही. आडवा घालायचा, गळ्यातून काखेखाली. रस्त्याच्या बाजूला तर मुळीच नाही. स्कूटरवाला येतो, पट्टा ओढतो, आणि तुम्ही फोटो कुणाचा काढणार? त्याच्या पाठीचा?"

"बरं," मास्तर म्हणाले.

"फोटो झाला की कॅमेरा पिशवीत. हातात धरून मिरवायचं नाही. वाट चुकली तर भर चौकात तोंड वर करून उभे राहू नका, दुकानात शिरून विचारा. आणि कुणाचा फोटो काढण्याआधी त्याला विचारा. आमच्याकडे लोक चिडतात."

"आमच्याकडे लोक केस विंचरून यायचे," मास्तर म्हणाले.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," बाई उशीवरून म्हणाल्या, "मागे जाऊ नका."

मास्तरांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. बाईंना ती मान चांगली ओळखीची होती. मीठ कमी खा म्हटल्यावरही ती अशीच हलायची.

तपासण्या चालू राहिल्या. मास्तर रोज दुपारी तासभर बाहेर जात आणि बाई तो तास जीव मुठीत धरून काढत. खालून हॉर्न ऐकू आला की त्या उशीवरून मान उचलायच्या. नका जाऊ म्हणावं, तर स्टुलावर बसून सुकत चाललेला माणूस बघवत नव्हता. जा म्हणावं, तर हे असं. पट्टा मात्र मास्तर आता आडवा घालत होते, तेवढं त्यांनी ऐकलं होतं.

मग एके सकाळी डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बोलावलं. ते परत आले ते थेट स्टुलावर बसले आणि खिशातून फडकं काढून कॅमेऱ्याची काच पुसू लागले. काच स्वच्छ होती. ते पुसतच राहिले.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"बघू म्हणाले. औषध बदलून बघू."

"घरी कधी सोडणार?"

"लवकरच सोडू म्हणाले."

बाईंना जे कळायचं ते कळलं. बरं व्हायच्या आधीच घरी सोडतात ते कशासाठी, हे न कळण्याइतक्या त्या लहान नव्हत्या. त्यांना भीती वाटली, नाही असं नाही. पण ती स्वतःसाठी होती तेवढी थोडा वेळच टिकली. राहिली ती दुसरीच. माझ्यामागे हा माणूस एक दिवस कुठेतरी "धर गं" म्हणेल आणि मागे पाऊल टाकेल. त्याला कोण धरणार आहे? हा विचार त्यांच्या छातीवर येऊन बसला आणि उठायला तयार होईना.

आणि तो दिवस बाईंना वाटला होता त्याच्या आधीच आला.

त्या दिवशी मास्तर परत आले तेव्हा फोटो दाखवायची घाई करत नव्हते. पाणी प्यायले, औषधाच्या बाटल्या सरळ लावल्या. बाईंनी हात पुढे केला तेव्हा नाइलाजाने त्यांनी कॅमेरा दिला. एक चौक होता, मधोमध घड्याळाचा मनोरा. दुसऱ्या फोटोत तोच मनोरा, जरा लांबून. तिसऱ्यात आणखी लांबून, पण टोक अजून आलं नव्हतं. चौथ्या फोटोत मनोरा नव्हताच. तिरकं आभाळ होतं आणि कडेला बसची एक लाल बाजू, इतकी जवळ की पत्र्यावरचे खिळे मोजावेत.

"हात हलला," मास्तर म्हणाले.

"पाठ दाखवा."

"अगं, काही नाही."

"मागे वळा म्हणते ना!"

मास्तर वळले. शर्ट पाठीवर ठिगळापासून खांद्यापर्यंत टरकला होता.

मग मास्तर बोलले, भिंतीकडे तोंड करून. "तिथे एक वर्तमानपत्रं विकणारी बाई होती. तिने ओढलं. आधी मला वाटलं..." त्यांनी शर्टाचं फाटकं टोक खांद्यावर ओढलं. "मी नेहमीसारखं म्हणालो, आणि गेलो मागे. पाठीला ओढ लागली तेव्हा मला वाटलं, तूच आहेस. वळून बघितलं तर भलतीच बाई. शिव्या देत होती मला."

"बरं केलं तिने," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. आधी रागाचं आणि मग नुसतंच. कंडक्टरबाईने, जिला कुशीवर वळतानाही कळ येत होती, हात लांबवून दोन खाटांमधला पडदा ओढून घेतला.

"मी मागे नाहीये," बाई डोळे पुसून म्हणाल्या. "हे आता डोक्यात घ्या. म्हणू नका आता ते. चला, उठा."

"काय करू?"

"उजवा हात मागे घ्या. आधी हाताने भिंत शोधायची. भिंत, खांब, झाड, काहीही, पण हलणार नाही असं. पाठ टेकवायची, मगच डोळा लावायचा. आणि डोळा लावला की पाय जागचे हलवायचे नाहीत."

"भिंतीला टेकून कुठे फोटो निघतो? समोरचं मावत नाही."

"नाही मावलं तर नाही मावलं."

इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी त्यांना बरंच काही ऐकवलं होतं, पण असं कधी म्हटलं नव्हतं. पण ते उठले. खाट आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, फाटक्या शर्टात, कॅमेरा गळ्यात घालून ते हात मागे फिरवत भिंत शोधू लागले. एकदा हात कपाटाच्या दाराला लागला आणि ते उघडलं. "दार हलतं. दार नाही चालणार," बाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा सलाइनचा खांब हाताला लागला. "त्याला चाकं आहेत. पुन्हा!" तिसऱ्यांदा नेमकी सिस्टर आत आली आणि तिच्या खांद्याला हात लागून मास्तर जागच्या जागी उडाले.

"काय चाललंय?" सिस्टर म्हणाली.

"शिकवणी," पडद्याआडून कंडक्टरबाईचा आवाज आला. "मास्तरीणबाई आहेत त्या. आज पहिल्यांदाच वर्ग भरलाय."

बाई हसल्या. हसताना दुखलं, तरी हसल्या. त्या संध्याकाळी त्यांनी सुई-दोरा मागवून घेतला आणि शर्ट शिवला. टाके वाकडे पडले. ठिगळ मात्र त्यांनी या वेळी लावलं नाही.

घरी सोडायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दुपारी बाई म्हणाल्या, "एक फोटो राहिला. या इमारतीचा. मी इथे होते, हे फोटोत यायला हवं. तुम्हीच म्हणता ना, जो फोटोत नाही तो तिथे नव्हता."

"माझा टॉवेल खिडकीला बांधा," कंडक्टरबाई म्हणाली. "पिवळा आहे, खालून दिसेल. नाहीतर कुठली खिडकी कुणाची, देवालाही कळायचं नाही."

सिस्टरने थोडी कुरकुर करून तो बांधला. मास्तर निघाले. दारातून त्यांनी एकदा वळून बघितलं, पट्टा आडवा असल्याचं हाताने चाचपून दाखवलं आणि गेले.

"समोर काय आहे?" बाईंनी विचारलं.

"गेटसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे फुटपाथ. फुटपाथला लागून शाळेच्या आवाराची भिंत, लांबच लांब. आणि..." कंडक्टरबाई थांबली.

"आणि?"

"इमारत उंच आहे हो. भिंतीपासून वरचा मजला यायचा नाही. भिंतीच्या टोकाला गल्ली आहे, सगळ्या बस तिथूनच वळतात. त्या गल्लीच्या तोंडात उभं राहिलं तर दिसेल सगळं."

बाईंनी डोळे मिटले. आपण काय मागून बसलो हे त्यांना आता कळलं. त्या माणसाने आयुष्यात कधी कुणाला चौकटीबाहेर ठेवलं नव्हतं. रुसलेल्या आत्यासाठी जो गच्चीच्या कडेपर्यंत गेला, तो या खिडकीसाठी कुठवर जाईल? त्यांना ओरडून हाक मारावीशी वाटली, पण इतक्या उंचावरून हाक खाली पोचणार कशी? खाली बसचा हॉर्न वाजला, मग लांबलेला ब्रेक. बाईंनी चादर मुठीत धरली, नेहमी धरत तशीच, कमरेच्या जरा वरच्या उंचीवर, आणि आवळून धरली.

"वळणावर ब्रेक लागतोच," कंडक्टरबाई हलक्या आवाजात म्हणाली. खरोखर हलक्या. "रोजचंच आहे ते. घाबरू नका."

बराच वेळ गेला. मग दारात चपला वाजल्या.

मास्तर आले. स्टुलावर बसले. खाली मान घालून त्यांनी कॅमेरा पुढे केला. पडद्यावर एकच फोटो होता. रुग्णालयाचं गेट, गेटवरचा पहारेकरी, पायऱ्या, खिडक्यांच्या रांगांवर रांगा, सगळं सरळ, सगळं स्वच्छ. आणि वर, जिथे शेवटचा मजला सुरू होतो, तिथे फोटो संपला होता. पिवळ्या टॉवेलचं एक खालचं टोक तेवढं काठावर लोंबत होतं. खिडकी नव्हती.

"मी नाहीये यात," बाई म्हणाल्या.

"भिंत लागली," मास्तर म्हणाले. "गल्लीच्या तोंडाशी गेलो असतो तर आली असतीस. मला दिसत होतं ते. नाही गेलो."

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. कड सरळ होती. फुटपाथची अख्खी रुंदी समोर होती. पाय कुठे होते ते त्यांना दिसलं. भिंतीला टाचा लावून, घट्ट, एका जागी.

छातीवर बसलेलं ते कधीचं ओझं उठलं, आणि ते उठताना त्यांना असं काही लागलं की डोळ्यांत पाणी आलं. हवं होतं तेच झालं होतं. तेच हवं होतं त्यांना.

"दुसरा काढू? उद्या निघताना?"

"नको. हाच राहू दे. चांगला आलाय." त्यांनी कॅमेरा परत दिला. "मागे वळा जरा."

मास्तर वळले. शर्टावर, वाकड्या टाक्यांच्या खाली, कमरेच्या जरा वर, भिंतीचा पांढरा चुना लागला होता. बाईंचा हात सवयीने तिथे गेला. मूठ वळणार होती, पण त्यांनी ती वळू दिली नाही. नुसता तळहात त्या चुन्यावर टेकवून ठेवला.

"खूप लागलाय का?" मास्तरांनी पाठमोऱ्यानेच विचारलं. "झटकून टाक."

"असू दे," बाई म्हणाल्या, आणि हात हळूच काढून घेतला.